नायकाच्या हातात काय असतं?

मराठी कादंबरीतल्या नायकाच्या मनात काय चाललेलं असतं, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. त्याचं एकटेपण, त्याचं तुटलेपण, त्याचा समाजाशी असलेला झगडा, सगळं तपासून झालं आहे. त्याच्या हातात काय असतं, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. दुष्काळ पडतो, गाव बुडतं, पीक जातं, तेव्हा हा माणूस हातात काय घेऊन उभा राहतो? प्रश्न बाळबोध आहे हे मान्य. पण मी इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट चालत का नाही हे शोधताना कोणाकडे कोणतं हत्यार होतं, इथून सुरुवात करायची सवय आहे.

त्यासाठी चार कादंबऱ्या घेतो. क्रम प्रकाशनाचा नाही, त्यातल्या काळाचा आहे.

पहिली 'फकिरा' (१९५९). अण्णा भाऊ साठ्यांची ही कादंबरी बहुतेकांनी वाचलेली असते, निदान तिची गोष्ट तरी माहीत असते. इंग्रजी अंमल आहे, दुष्काळ आहे, मांगवाड्यात माणसं उपाशी मरत आहेत. फकिरा धान्याचं कोठार फोडतो आणि धान्य वाटतो. त्याच्या हातात तलवार आहे. ही तलवार चालते, कारण तिला काय कापायचं आहे ते समोर दिसतं. धान्य आहे, ते कुलूपबंद आहे, कुलूप कुणाचं आहे तेही ठाऊक आहे. भूक आणि भुकेचं कारण यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंत फोडता येते.

पण 'फकिरा'त आणखी एक हत्यार आहे. ते सरकारच्या हातात आहे. हजेरीचं पुस्तक. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. अशा जमातीतल्या माणसाने ठरल्या वेळी जाऊन हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. माणूस कोण आहे हे त्याने काय केलं यावरून ठरत नाही, वहीत त्याचं नाव कुठल्या रकान्यात आहे यावरून ठरतं. फकिराची तलवार कोठाराचं दार फोडते. ही वही तिला फोडता येत नाही. शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरतं आणि तो स्वतः होऊन हजर होतो. मला ही कादंबरी पराक्रमाची वाटते तितकीच या वहीचीही वाटते. पुढच्या तिन्ही कादंबऱ्यांमध्ये तलवार नाही. वही मात्र आहे.

दुसरी 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथे शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर. व्यंकटेश माडगूळकरांनी या राजाराम विठ्ठल सौंदणीकराला जाणूनबुजून साधा ठेवला आहे. तो मुलं गोळा करतो, लोकांची तालुक्याची कामं करून देतो, वाडीला हाताशी धरून तालीम बांधतो. त्याच्या हातात खडू आणि कागद आहे, आणि बऱ्याच गोष्टी त्यावर होतात. मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडतात. मास्तरच्या हातात जे आहे त्याचा पावसाशी काही संबंध नाही. माडगूळकर त्याला दोष देत नाहीत, मोठंही करत नाहीत. या कादंबरीत खलनायक नाही. कुणाचं कोठार फोडावं असा प्रश्नच उद्भवत नाही, आणि म्हणून मास्तर चांगला माणूस राहतो, नायक होत नाही.

तिसरी 'झाडाझडती' (१९९१). विश्वास पाटील हे स्वतः महसुली प्रशासनात काम केलेले अधिकारी, आणि या कादंबरीला ते माहीतगारपण पुरेपूर लाभलं आहे. १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इथेही केंद्रस्थानी एक गुरुजी आहेत, खैरमोडे गुरुजी. पण बनगरवाडीच्या मास्तरपेक्षा त्यांची अडचण वेगळी. धरण हे पावसासारखं आभाळातून पडत नाही. ते माणसं बांधतात. म्हणजे कुणीतरी जबाबदार आहे. फक्त तो सापडत नाही. तलाठ्याकडे गेलं की प्रांताकडे, प्रांताकडे गेलं की पुनर्वसनाच्या कार्यालयात, तिथून मंत्रालयात. प्रत्येक टेबलामागे माणूस आहे आणि प्रत्येक माणूस म्हणतो की निर्णय वरच्या टेबलावर होतो. गुरुजींच्या हातात अर्ज आहे. अर्ज हे विचित्र हत्यार आहे. ते चालवायचं असेल तर आधी समोरच्याची भाषा बोलावी लागते, त्याने दिलेलं नाव स्वतःला लावून घ्यावं लागतं.

ते नाव म्हणजे 'धरणग्रस्त'. मराठीत हा '-ग्रस्त' फार कामाचा प्रत्यय आहे. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला. खग्रास ग्रहणातला 'ग्रास' तोच. शेतकरी, सुतार, वारकरी, कुणाचा तरी मामा असलेला माणूस एका दाखल्याने 'गिळलेला' होतो आणि तो दाखला पुढच्या पिढ्या जपून ठेवतात, कारण नोकरीतलं आरक्षण त्यावर असतं. फकिराच्या काळची वही माणसाला गुन्हेगार ठरवत होती, ही वही त्याला बळी ठरवते. दुसरी पहिल्यापेक्षा कितीतरी बरी, यात वाद नाही. पण दोन्हीकडे माणसाने आपण कोण हे दुसऱ्याच्या रकान्यातून सांगायचं असतं.

गिळणाऱ्याला मात्र भाषेत नाव नाही. ज्यांच्या शेतात धरणाचं पाणी येतं त्यांच्यासाठी 'लाभक्षेत्र' हा शब्द आहे. त्यात माणूस नाहीच, नुसतं क्षेत्र आहे. महाराष्ट्राने १९७६ साली धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यामागचं तत्त्व सरळ होतं: ज्याला पाणी मिळतं त्याने ठरावीक मर्यादेवरची जमीन उठलेल्यांसाठी द्यायची. कागदावर न्याय्य, आणि प्रत्यक्षात एका शेतकऱ्याला दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन उभा करणारं. 'झाडाझडती'तली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मला हीच वाटते. भ्रष्ट अधिकारी आपल्याला कादंबरीत हवेच असतात, त्यांचा राग करणं सोपं. पण ज्याची जमीन घेतली जाणार तोही कुणब्याचाच पोर असला, तर राग कुठे न्यायचा?

चौथी 'बारोमास' (२००२). सदानंद देशमुखांची, आमच्या विदर्भातली, २००४च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. एकनाथ शिकलेला आहे, पदव्या आहेत, नोकरी नाही, कारण संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत. शेती आहे, पण शेतीत काही उरत नाही. शहरातून आलेल्या बायकोला हे जगणं झेपत नाही. एकनाथच्या हातात पदवीचा कागद आहे. खैरमोडे गुरुजींचा अर्ज निदान कुणाच्या तरी टेबलावर ठेवता येत होता. एकनाथला आपला कागद कुठे न्यायचा तेच कळत नाही. बियाण्याचा भाव, कापसाचा भाव, बँक, सावकार, पाऊस, सगळे मिळून त्याचं घर पोखरत आहेत आणि यातला एकही त्याच्या दारात येऊन उभा राहत नाही.

तलवार, खडू, अर्ज, पदवी. संकट जसजसं पसरत गेलं, तसतसं नायकाच्या हातातलं हत्यार हलकं होत गेलं. शेवटच्या तिघांमध्ये आणखी एक साम्य आहे: तिघेही शिकलेले आहेत. सरकारचा कागद लोकांना आणि लोकांचं दुःख सरकारला वाचून दाखवू शकेल असा मधला माणूस. मराठी लेखकाने पर्यावरणाचं किंवा समाजाचं संकट लिहायला घेतलं की तो वारंवार या माणसाकडे जातो. तो लेखकाचाच भाऊ आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की कादंबरीला एक माणूस लागतो. नदीचं, कालव्याचं, भावाच्या चढउताराचं आत्मवृत्त लिहिता येत नाही. कुणाच्या तरी छातीत ते दुखावं लागतं.

आता हे सगळं मी माझ्या गल्लीत आणून बघतो.

मी इतवारीत राहतो. किराणा ओळी, लोहा ओळी, सराफा: घाऊक व्यापाराची ही जुनी पेठ आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथल्या रस्त्यांवर मारबतींची मिरवणूक असते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, १८८०च्या दशकापासून चालत आलेली प्रथा. साऱ्या पीडा, रोगराई घेऊन जा, असं लोक तिला ओरडून सांगतात आणि शेवटी तिचं दहन होतं. सोबत बडगे असतात. त्या वर्षीचा जो कोणी किंवा जे काही लोकांना छळत असेल, त्याचा पुतळा: महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, एखादा पुढारी. मला हा प्रकार फार आवडतो आणि साहित्याचा विद्यार्थी नसूनही वाटतं की खलनायक कसा तयार होतो हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार नाही. ज्याला चेहरा नाही त्याला बांबू, कागद आणि रंग लावून चेहरा द्यायचा. चेहरा आला की शिव्या देता येतात, जाळता येतं.

पण इतवारीच्या सगळ्यात मोठ्या पीडेचा बडगा कसा बांधणार? ही पीडा म्हणजे नाग नदी. जिच्यावरून शहराचं नाव पडलं असं आपण सांगतो ती नदी. ती अंबाझरी तलावाकडून शहरात शिरते, मध्य नागपुरातून वाहते, पूर्वेला पिवळ्या नदीचं पाणी घेते आणि कन्हानला मिळते. भांडेवाडीला काही सांडपाण्यावर प्रक्रिया होते, त्यातलं पाणी कोराडीच्या वीज केंद्रालाही जातं. तरी बरंच पाणी तसंच पुढे जातं. कन्हान जाऊन मिळते वैनगंगेला, कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याजवळ. आणि वैनगंगेवर खाली, पवनीजवळ, गोसीखुर्दचं धरण आहे.

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हाचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये, सिंचनाचं लक्ष्य अडीच लाख हेक्टर. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च कित्येक पटींनी वाढला, आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावंच्या गावं उठली. त्या गावांच्या उशाशी आता जे पाणी साठतं, त्यात आमच्या मोऱ्यांचं पाणी असतं. वैनगंगा खराब झाल्याची तक्रार भंडाऱ्याकडची माणसं अनेक वर्षं करत आहेत. म्हणजे ज्याने जमीन दिली त्याच्याच दारात शहराने आपली घाण नेऊन ठेवली. २०१९पर्यंत इतवारी स्टेशनातून नागभीडला छोटी गाडी जायची, कुही, उमरेड, भिवापूर करत. गाडी बंद झाली, नदीचा रस्ता मात्र चालू आहे.

आणि हे अंभोरा कोणतं? 'विवेकसिंधु'चा कर्ता मुकुंदराज याचं स्थान म्हणून विदर्भातली परंपरा ज्याच्याकडे बोट दाखवते ते. आंबेजोगाईचाही दावा आहे, तो वाद अभ्यासकांचा. शके १११०चा मानला जाणारा हा ग्रंथ मराठीतल्या पहिल्या ग्रंथांपैकी एक म्हणून आपण अभिमानाने सांगतो. मराठी भाषा आपल्या सुरुवातीचं एक ठिकाण जिथे शोधते, तिथे आज नागपूरचं सांडपाणी पोचतं. यावर कादंबरी लिहायची तर नायक कोण आणि खलनायक कोण? गोसीखुर्दला उठलेला माणूस 'प्रकल्पग्रस्त' म्हणून आपल्याकडे येतो. त्याचं पाणी नासवणारा इतवारीतला माणूस कुठल्याच रकान्यात नाही. तो दुकान उघडतो, तांब्याभर पाणी ओतून पायरी धुतो, हिशेब लिहितो. त्याने काही केलेलं नाही. शहरातल्या लाखो लोकांनी रोज काहीच केलेलं नाही, आणि नदी गटार झाली आहे.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे या रकान्यांची जरा गंमत झाली. काही तासांत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट अशा सुखवस्तू वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं दगावली. एका रात्रीत शहरातला वरचा वर्ग 'पूरग्रस्त' झाला, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघू लागला. नदीत काय टाकलं आणि पात्रावर काय बांधलं, याची चर्चा नागपुरात इतक्या जोरात त्याआधी क्वचितच झाली असेल. ग्रस्त कोण, हे बदललं की प्रश्नाचं वजन बदलतं.

माझ्या धंद्यात 'हिरो' ही शिवी नसली तरी धोक्याची खूण आहे. रात्री दोनला सर्व्हर बसतो, एकच माणूस असा असतो ज्याला ती जुनी सिस्टीम कळते, तो उठतो, पहाटेपर्यंत सगळं सुरू करतो, सकाळी त्याचं कौतुक होतं. चांगल्या टीममध्ये त्यानंतर एक बैठक होते, तिचा पहिला नियम असतो की कुणाला दोष द्यायचा नाही. हा माणूस उद्या नसला तर काय, असं तिथे विचारलं जातं. ज्या सिस्टीमला सारखा हिरो लागतो ती सिस्टीम आजारी आहे, हे आम्ही मान्य करून टाकलं आहे. त्यामुळे मला मोह होतो, की साहित्यालाही हेच सांगावं: नायक पुरे झाला.

पण 'फकिरा' मला तिथे अडवतो. ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. ज्यांना सरकारी वहीने जन्मजात चोर ठरवलं, त्यांच्यातल्या माणसाला नायक म्हणून उभं करणं हेच त्या वहीला दिलेलं उत्तर होतं. दरवाजा फोडून फकिरा जे धान्य आणतो त्याहून मोठी गोष्ट कादंबरीबाहेर घडली: वाचणाऱ्याला आपला पूर्वज मिळाला. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या राजे, सरदार, संत असे सगळे नायक आले, त्यांनी आता नायकाचा जमाना संपला म्हणणं फार स्वस्त आहे. शिवाय माझ्या ऑफिसातला दोष न देण्याचा नियम चालतो, कारण तिथे कुणाचं घर बुडालेलं नसतं. ज्याचं बुडालं त्याला दोष देण्याचा हक्क आहे, आणि नायक हा तो हक्क बजावण्याचा एक मार्ग आहे.

तरीही प्रत्यक्ष जगण्यात नायकाचं काय होतं, त्याचं उदाहरण शंभर वर्षं जुनं आहे. १९२१ साली, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांमध्ये त्याची गणना होते. पांडुरंग महादेव बापट या लढ्यानेच 'सेनापती' झाले. तुरुंग भोगला, हार मानली नाही. धरण झालं, गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. आज पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट रस्ता आहे. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना मुळशीच्या एका तरी बुडालेल्या गावाचं नाव सांगता येईल? बापटांचा यात काहीच दोष नाही. नायक लक्षात ठेवला की प्रश्न लक्षात ठेवल्यासारखं वाटतं, ही आपली सोय आहे. नायकाला रस्ता देता येतो. बुडालेल्याला जमीन द्यावी लागते.

मग दुसरं काही असू शकतं का? माझ्या माहितीतलं सर्वात जवळचं उदाहरण गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावं आपल्याला माहीत आहेत, पण त्या गावाची रीत नावांवर उभी नाही. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत थांबायचं. अभ्यास गटात आधी विषय समजून घ्यायचा. या संथ पद्धतीने त्यांनी वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. एप्रिल २०११मध्ये त्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

हातांच्या यादीत मला हे पुस्तक ठेवावंसं वाटतं. फकिराच्या हजेरीच्या वहीपासून धरणग्रस्ताच्या दाखल्यापर्यंत वही कायम सरकारच्या हातात होती आणि माणूस तिच्या रकान्यात. इथे पहिल्यांदा वही लोकांच्या हातात आली आणि शिक्का त्यांचा झाला. हा पराक्रम आहे. पण त्यात कुणी घोड्यावर बसलेलं नाही, कुणी मेलेलं नाही, बरीच माणसं बराच वेळ बसून बोलली आहेत. मिलिंद बोकिलांनी त्यावर 'कहाणी मेंढा गावाची' लिहिली. 'शाळा'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाने इथे कादंबरी न लिहिता कहाणी लिहिली, आणि शीर्षकात माणूस न ठेवता गाव ठेवलं. बैठकीची कादंबरी आपल्याला अजून लिहिता येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. तीन तास चाललेल्या, शेवटी पुढच्या आठवड्यावर ढकललेल्या सभेत वाचकाला धरून ठेवणं हे कोठार फोडण्याच्या प्रसंगाहून कितीतरी अवघड आहे.

ती कादंबरी नाग नदीवर व्हावी अशी माझी इच्छा आहे. नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प जपानी कर्जाच्या मदतीने मंजूर आहे, म्हणजे निविदा, नकाशे, बैठका होतच राहतील. त्या कादंबरीत किराणा ओळीतला दुकानदार असावा, सफाई कामगार असावा, महापालिकेतला कनिष्ठ अभियंता असावा, अंबाझरी लेआऊटमधल्या आजी असाव्यात. आणि अंभोऱ्याचा एक ढीवर जाळं घेऊन या सगळ्यांच्या मधोमध बसलेला असावा, रकान्याबाहेर, स्वतःच्या नावाने. त्याला कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर त्याने दाखला काढू नये. पाणी कुठून येतं ते सांगावं, आणि समोरच्यांना विचारावं, तुम्ही कोण?